घर कुठे घ्यावे? मुलांना घरीच शिकवणाऱ्या कॅथलिक कुटुंबांची गोष्ट

गेल्या हिवाळ्यात आमच्या एका जुन्या विद्यार्थिनीचा फोन आला. नवऱ्याच्या नोकरीमुळे ती अमेरिकेत, व्हर्जिनिया राज्यात राहते. वॉशिंग्टन शहर तिथून जवळ. सलाम-दुआ झाली, घरच्यांची चौकशी झाली आणि मग ती म्हणाली, "सर, आमच्या शेजारच्यांनी घर विकलं."

"बेटा, लोक घरं विकतातच. त्यात काय?"

"तसं नाही सर. चांगलं मोठं घर होतं. पाच मुलं, आणि एकही शाळेत जात नव्हतं. आईच जेवणाच्या टेबलावर शिकवायची. कॅथलिक आहेत. आता सत्तर मैलांवर, डोंगराच्या पायथ्याशी एका छोट्या गावात गेलेत. नवरा तिथून गाडीने कामाला येतो. म्हणे मुलांसाठी गेलो. तिथे चर्च जवळ आहे आणि त्यांच्यासारखीच घरं आहेत."

मग जरा थांबून ती म्हणाली, "सर, माझा मुलगा सात वर्षांचा झाला. मीही विचारात पडलेय. त्यांनी केलं ते बरोबर केलं का?"

आम्ही शाळामास्तर. बावीस वर्षे खडू-फळ्यात गेली. शाळा सोडून देणाऱ्यांविषयी मत द्यायचे म्हटले की आमचा हात थोडा अडखळतो. म्हणून तिला म्हटले, "बेटा, थोडा वेळ दे. वाचून सांगतो." त्या वाचनातून जे हाती आले ते वाचकांपुढे ठेवत आहोत. गोष्ट परक्या देशातली आणि परक्या धर्माच्या लोकांची आहे, पण प्रश्न कुठल्याही आईबापाला ओळखीचा वाटावा असा आहे.

शाळा असताना घरी का?

पहिली गंमत अशी की अमेरिकेत शाळा उभारण्यात कॅथलिक लोकच सर्वांत पुढे होते. १८८४ मध्ये बाल्टिमोर शहरात तिथल्या बिशपांची मोठी सभा भरली. प्रत्येक धर्मग्रामात, म्हणजे एका चर्चच्या हद्दीत, शाळा असलीच पाहिजे असे तिथे ठरले. सरकारी शाळांत त्या काळी प्रॉटेस्टंट वळणाची प्रार्थना आणि बायबलवाचन चाले. आपली मुले आपल्या वळणावर वाढावीत म्हणून गरीब आयरिश, इटालियन, पोलिश मजुरांनी पै-पै जमवून शाळा बांधल्या. शिकवायला धर्मभगिनी होत्या, ज्यांना आपण नन किंवा सिस्टर म्हणतो. त्या जवळजवळ बिनपगारी शिकवत, म्हणून फीही नाममात्र असे.

या शाळांवर एकदा मोठे संकट आले. १९२२ मध्ये ओरेगन राज्यात कायदा झाला की प्रत्येक मुलाने सरकारी शाळेतच गेले पाहिजे. एका धर्मभगिनी-संघाने त्याविरुद्ध दावा लावला. १ जून १९२५ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा रद्द ठरवला. मूल ही सरकारची मालमत्ता नव्हे, त्याला वाढवण्याचा आणि पुढच्या कर्तव्यांसाठी तयार करण्याचा अधिकार आईबापाचा आहे, असा त्या निकालाचा आशय. आज मुलांना घरी शिकवणारे सगळे, मग ते कोणत्याही धर्माचे असोत, या निकालाचा आधार घेतात. हा आधार मिळवून दिला तो शाळा चालवणाऱ्या सिस्टरांनी, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

१९६०च्या दशकाच्या मध्यावर अमेरिकेतील कॅथलिक शाळांत ५० लाखांहून अधिक मुले शिकत होती. आज ती संख्या १७ लाखांच्या आसपास आली आहे. धर्मभगिनी त्या वेळी सुमारे १ लाख ८० हजार होत्या, आता ४० हजारही उरल्या नाहीत. सिस्टर गेल्या, त्यांच्या जागी पगारी शिक्षक आले, फी वाढली. दोन मुले असतील तर बाप कशीबशी फी भरतो. पाच-सहा मुले असतील तर काय करणार? कित्येक शाळा बंदही झाल्या. सरकारी शाळा मोफत आहे, पण तिथल्या वातावरणाबद्दल या कुटुंबांच्या मनात शंका. मग एक वाट उरली, ती म्हणजे घर.

कॅथलिक चर्चची शिकवण या वाटेच्या आड येत नाही. मुलांचे पहिले शिक्षक आईबापच, हे १९६५च्या व्हॅटिकन परिषदेने आपल्या शिक्षणविषयक घोषणेत स्पष्ट मांडले आहे. १९८३च्या चर्च-कायद्यातही आईबापाचे हे कर्तव्य आणि हा हक्क नमूद आहे. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत अमेरिकेच्या पन्नासही राज्यांत घरी शिकवणे कायदेशीर झाले. सरकारी पाहणीनुसार १९९९ मध्ये साडेआठ लाख मुले घरी शिकत होती, २०१२ मध्ये ती सुमारे १८ लाख झाली. कोरोनाच्या वर्षात तर, तिथल्या जनगणना खात्याच्या पाहणीप्रमाणे, शाळकरी मुले असलेल्या घरांपैकी घरी शिकवणाऱ्यांचे प्रमाण काही महिन्यांत साडेपाच टक्क्यांच्या आतून ११ टक्क्यांवर गेले. यात सर्व धर्मांचे आणि कुठलाच धर्म न मानणारेही आहेत. कॅथलिक हा त्यातला एक गट.

आता शाळेची बांधिलकी सुटली की माणूस मोकळा होतो. चांगल्या शाळेच्या हद्दीत घर घ्यायची गरज उरत नाही. अमेरिकेत तर शाळेच्या हद्दीवरच घराच्या किमती चढतात-उतरतात. ही बेडी गळून पडते. पण मग दुसरा प्रश्न उभा राहतो: कुठेही राहता येत असेल, तर राहायचे कुठे?

पहिली कसोटी: तिथला कायदा

अमेरिकेत शिक्षण हा प्रत्येक राज्याचा आपापला विषय आहे. त्यामुळे राज्याची सीमा ओलांडली की नियम बदलतात.

टेक्सासमध्ये घरी शिकवायचे असेल तर कुणाला कळवण्याचीही सक्ती नाही. वाचन, शुद्धलेखन, व्याकरण, गणित आणि चांगले नागरिकत्व हे पाच विषय नीट अभ्यासक्रम धरून शिकवा, एवढेच. ओक्लाहोमा राज्याच्या घटनेतच शाळेखेरीज अन्य मार्गाने शिक्षण देण्याची मुभा आहे.

न्यूयॉर्क राज्यात मात्र दरवर्षी १ जुलैपर्यंत लेखी कळवावे लागते. मग वर्षाचा आराखडा द्यायचा, दर तिमाहीला अहवाल पाठवायचा आणि वर्षअखेरीस मूल्यमापन करून घ्यायचे. तासही ठरलेले आहेत. पहिली ते सहावीला वर्षाला ९००, सातवी ते बारावीला ९९०. शेजारच्या पेनसिल्व्हेनियात मुलाच्या वर्षभराच्या कामाची फाइल ठेवून ती पात्र परीक्षकाकडून तपासून घ्यावी लागते, आणि तिसरी, पाचवी व आठवीत प्रमाणित चाचणी द्यावी लागते. व्हर्जिनिया मधल्या वाटेवर आहे. तिथे १५ ऑगस्टपर्यंत कळवायचे आणि पुढच्या वर्षी १ ऑगस्टपर्यंत प्रगतीचा पुरावा द्यायचा. ओहायोने २०२३ मध्ये आपला कायदा बराच सैल केला, आता तिथे वार्षिक मूल्यमापन मागत नाहीत.

युरोपात तर फरक याहून मोठा आहे. जर्मनीत शाळेत जाणे सक्तीचे आहे, घरी शिकवायला परवानगी नाही. शेजारच्या ऑस्ट्रियात आधी कळवून आणि वर्षअखेरीस परीक्षा देऊन घरी शिकवता येते. फ्रान्समध्ये पूर्वी नुसते कळवले तरी चाले, २०२२च्या शालेय वर्षापासून परवानगी घ्यावी लागते. आयर्लंडच्या १९३७च्या घटनेने मात्र कुटुंब हेच मुलाचे पहिले आणि स्वाभाविक शिक्षक आहे असे मान्य केले आहे. तिथे नाव नोंदवून घरी शिकवता येते.

शिक्षक म्हणून आमचे मत विचाराल तर आम्हाला न्यूयॉर्कचा जाच थोडा पटतो. अहवाल लिहिण्याचा कंटाळा आम्हालाही येतो, पण त्या निमित्ताने मागे वळून पाहिले जाते. मूल गणितात तीन महिने एकाच जागी अडकले आहे हे प्रेमळ आईच्या लक्षात येतेच असे नाही. फॉर्म भरताना ते येते.

दुसरी कसोटी: चर्चचे अंतर

कॅथलिक माणसाला दर रविवारी मिस्सा, म्हणजे चर्चमधील सामुदायिक उपासना, बंधनकारक आहे. जे निष्ठेने पाळतात ते रोजही जातात. शिवाय मुलाच्या वाढीबरोबर संस्कार येतात. जन्मल्यावर स्नानसंस्कार, सात वर्षांच्या सुमारास पहिला ख्रिस्तप्रसाद, पुढे दृढीकरण. हे सारे आपल्या धर्मग्रामात व्हायचे असते. म्हणून चर्च घरापासून चार मिनिटांवर आहे की चाळीस मैलांवर, यावर आठवड्याचा सारा बेत ठरतो. बर्फाच्या दिवसांत लहान मुलांना गाडीत घालून चाळीस मैल जाणे म्हणजे काय हे आपल्याकडे पावसाळ्यात घाट उतरणाऱ्यांना सांगायला नको.

अंतराइतकाच महत्त्वाचा असतो तिथला धर्मगुरू. काही फादर घरी शिकणाऱ्या मुलांना जवळ करतात, सकाळच्या मिस्सेला सेवेला घेतात, चर्चचे सभागृह त्यांच्या वर्गांसाठी खुले करतात. काहींना वाटते की ही कुटुंबे आमच्या शाळेकडे पाठ फिरवतात. सगळ्यांसोबत धर्मशिक्षणाच्या वर्गाला या, नाहीतर ख्रिस्तप्रसादाला वेळ लागेल, असे ते सांगतात. दोन्ही बाजूंचे म्हणणे समजण्यासारखे आहे. शाळा जगवण्यासाठी धडपडणाऱ्या फादरला वर्गातली रिकामी बाके दिसतात, आईला आपली मुले दिसतात.

इथेच एक मोठी फसगत होते. धर्मगुरू बदलतो. अमेरिकेत एका चर्चवर प्रमुख फादर साधारण सहा वर्षे असतो, मग बिशप त्याची बदली करतात. ज्या फादरच्या ओढीने कुटुंब घर विकून आले तोच दोन वर्षांत दुसरीकडे जातो आणि नव्याची रीत वेगळी निघते.

याचा कडू अनुभव कित्येकांना अलीकडे आला. काही कॅथलिक कुटुंबांना जुनी लॅटिन भाषेतील मिस्सा प्रिय आहे. ती जिथे होते तिथे त्यांनी मुद्दाम घरे घेतली. जुलै २०२१ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी या मिस्सेवर निर्बंध आणले. व्हर्जिनियाच्या आर्लिंग्टन धर्मप्रांतात ती २१ चर्चमध्ये होत असे, सप्टेंबर २०२२ पासून ती ८ ठिकाणी उरली. ज्यांनी वीस-तीस वर्षांचे कर्ज काढून घर घेतले होते त्यांचे कर्ज तसेच राहिले, मिस्सा मात्र दूर गेली.

हे वाचताना आम्हाला आमचेच आठवले. पंधरा वर्षांपूर्वी बदलीच्या गावी आम्ही भाड्याचे घर शोधत होतो. शाळेजवळ दोन खोल्या मिळत होत्या, पण आम्ही त्या सोडून दूरच्या मोहल्ल्यात घर घेतले. कारण तिथल्या मकतबचे मौलवीसाहेब फार चांगले शिकवतात असे ऐकले होते. खरेच चांगले होते. मुले आनंदाने जात. दीड वर्षात त्यांच्या वडिलांचे आजारपण निघाले आणि ते आपल्या मुलुखात परत गेले. पुढची तीन वर्षे आम्ही रोज सकाळी सायकल मारत शाळेत गेलो आणि मनात म्हणत राहिलो की घर माणसावर घेतले, जागेवर घ्यायला हवे होते.

तिसरी कसोटी: एका पगारात भागेल का?

घरी शिकवायचे तर दोघांपैकी एकाला, बहुधा आईला, नोकरी सोडावी लागते. मुले पाच-सहा, पगार एक. त्यामुळे घर स्वस्त मिळेल अशी जागा हवी. स्वस्त घर जिथे मिळते तिथे सहसा नोकऱ्या नसतात आणि जिथे नोकऱ्या असतात तिथे घर परवडत नाही. या चिमट्यातून सुटायला तीन मार्ग लोक काढतात: बापाने लांबचा प्रवास करायचा, घरबसल्या संगणकावर होणारे काम धरायचे किंवा लहानसा स्वतःचा धंदा करायचा. कोरोनानंतर दुसरा मार्ग पुष्कळांना खुला झाला, म्हणून लहान गावांकडे जाणारेही वाढले.

पुस्तकांसाठी मात्र आता घर बदलावे लागत नाही. व्हर्जिनियातील सेटन होम स्टडी स्कूल, कॅलिफोर्नियातील कोल्बी अकॅडमी आणि मदर ऑफ डिव्हाइन ग्रेस अशा संस्था कॅथलिक वळणाचा पूर्ण अभ्यासक्रम घरपोच किंवा संगणकावरून देतात. पेपर तपासून गुणपत्रकही देतात. पुस्तके टपालाने येतात, पण सवंगडी टपालाने येत नाहीत. म्हणून चौथी कसोटी महत्त्वाची.

चौथी कसोटी: सोबत

आठवड्यातून एक-दोन दिवस दहा-पंधरा कुटुंबे एकत्र जमतात. एका आईला विज्ञान चांगले येते, ती प्रयोग घेते. दुसरी लॅटिन शिकवते, तिसरी गाण्याचा वर्ग घेते. मुले खेळतात, भांडतात, एकत्र डबा खातात. याला ते सहकारी वर्ग म्हणतात. आमच्या मते ही जवळजवळ शाळाच झाली, फक्त घंटा आणि हजेरीपट नाही. असा गट ज्या गावात आधीपासून आहे तिथे नव्या आईचे निम्मे ओझे हलके होते. नसेल तर चार भिंतींत पाच मुले आणि ती. अशी आई दोन-तीन वर्षांत थकते आणि त्या थकव्याबद्दल कुणाशी बोलायचीही तिला चोरी, कारण निर्णय तिचाच असतो.

काही राज्यांत घरी शिकणाऱ्या मुलांना सरकारी शाळेच्या संघातून खेळता येते. फ्लोरिडात ही सोय १९९६ पासून आहे. ज्या घरात पंधरा वर्षांचा खेळवेडा मुलगा आहे तिथे या एका नियमावर गाव ठरू शकते.

नावाजलेली गावे

या चार कसोट्यांवर उतरतात म्हणून काही गावांची नावे कॅथलिक कुटुंबांत वारंवार घेतली जातात.

आमच्या विद्यार्थिनीचे शेजारी गेले ते फ्रंट रॉयलच्या बाजूला. शेनान्डोआ नदीचे दोन फाटे जिथे मिळतात तिथे, डोंगराच्या पायथ्याशी हे गाव आहे. १९७७ मध्ये स्थापन झालेले क्रिस्टेंडम कॉलेज दोनच वर्षांत इथे आले. सेटनचे कार्यालयही इथेच. कॉलेजचे प्राध्यापक, माजी विद्यार्थी आणि संस्थेची माणसे इथे वसत गेली. वॉशिंग्टनपेक्षा घरे स्वस्त, पण नोकरी वॉशिंग्टनलाच. त्यामुळे बाप पहाटे निघतो.

ओहायो राज्यातील स्टूबेनव्हिल हे जुने पोलादनगर. कारखाने बंद पडत गेले आणि १९४०च्या सुमारास ३७ हजारांवर असलेली वस्ती आता १८ हजारांच्या आसपास आहे. घरे स्वस्त झाली. टेकडीवर फ्रान्सिस्कन युनिव्हर्सिटी आहे, तिच्या आधाराने मोठी कुटुंबे येऊन राहिली. पडझड झालेल्या गावात दिवा लावणारे लोक आले असेही म्हणता येईल. पण रोजगाराचा प्रश्न सुटलेला नाही.

फ्लोरिडातील आवे मारिया तर पूर्ण नवे वसवलेले गाव. डॉमिनोज पिझ्झाचे संस्थापक टॉम मोनॅहन यांनी कंपनी विकून आलेल्या पैशातून विद्यापीठ आणि मध्यभागी भव्य चर्च उभारले. २००७ मध्ये विद्यापीठ तिथे आले. गावातल्या दुकानांत काय विकावे, काय विकू नये यावर कॅथलिक नियम चालतील अशी भाषा सुरुवातीला झाली. नागरी हक्कवाल्यांनी आक्षेप घेतला आणि ती मागे घ्यावी लागली. आज तिथे इतर लोकही राहतात.

ओक्लाहोमातील क्लिअर क्रीक मठ १९९९ मध्ये फ्रान्सच्या फाँगाँबो मठातून आलेल्या साधूंनी सुरू केला. मठाभोवती कुटुंबांनी जमिनी घेतल्या, गाई-कोंबड्या पाळल्या. कायदा सैल, उपासना रोजची. मात्र सोयी तुटपुंज्या.

कॅन्ससमधील सेंट मेरीज हे सुमारे २७०० वस्तीचे गाव. रोमशी पूर्ण मेळ नसलेल्या एका परंपरावादी कॅथलिक संघाने १९७८ मध्ये तिथले जुने कॉलेज घेतले. दुरून कुटुंबे येत गेली आणि आज गावात त्यांचेच वजन आहे. त्यांची स्वतःची शाळा आहे, म्हणून हे घरी शिकवणाऱ्यांचेच गाव नव्हे, पण मुलांसाठी स्थलांतराचे हे ठळक उदाहरण. २०२२ मध्ये वाचनालयातील एका पुस्तकावरून वाद झाला आणि वाचनालयाच्या जागेचा भाडेकरार वाढवावा की नाही इथपर्यंत गोष्ट गेली. शेवटी करार वाढला. पण ज्या जुन्या रहिवाशांचे गाव मुळात होते त्यांना या वादात काय वाटले असेल याचा विचार आम्ही बराच वेळ करत राहिलो. आपल्यासारख्यांचे गाव करताना आपल्यासारखे नसलेल्यांचेही ते घर आहे, हे विसरायला फार वेळ लागत नाही.

नाण्याची दुसरी बाजू

घरी शिकून मोठ्या झालेल्या काही तरुणांनीच २०१३ मध्ये अमेरिकेत एक संघटना काढली. घरच्या शिक्षणाला त्यांचा विरोध नाही, पण त्यावर नीट देखरेख हवी असा त्यांचा आग्रह आहे. कारण ज्या राज्यात कुणाला कळवावेही लागत नाही तिथे एखाद्या घरात मुलाचे हाल होत असतील, त्याला शिकवलेच जात नसेल, तर ते बाहेरच्या कुणाला दिसणारच नाही. मुलावरील अन्याय पुष्कळदा शिक्षकाच्या नजरेला आधी पडतो. आमच्या वर्गात एक मुलगा महिनाभर मान खाली घालून बसे. विचारल्यावर कळले की घरात दोन वेळची चूल पेटत नाही. शाळा नसती तर ते कुणाला कळले असते? चांगल्या आईबापाला देखरेखीचा जाच वाटतो हे खरे, पण कायदा सगळ्या मुलांसाठी करावा लागतो.

दुसरे असे की मूल मोठे होते. गाव निवडताना सात वर्षांचे असलेले पोर दहा वर्षांनी सतराचे असते. त्याला कॉलेज हवे, काम हवे, पुढे जोडीदार हवा. सगळीकडे आपलेच लोक पाहिलेल्या मुलाला पहिल्यांदा वेगळा विचार भेटतो तेव्हा तो घाबरतो किंवा एकदम तिकडे ओढला जातो. कुंपण घालताना आईबाप बाहेरून काय येईल ते पाहतात. आतल्या मुलाला एक दिवस फाटक उघडून बाहेर जायचे आहे, तेही पाहायला हवे.

आपल्या वसईकडे पाहा

हा प्रश्न आपल्या राज्यातील मराठी बोलणाऱ्या कॅथलिकांना अशा रूपात फारसा पडत नाही. वसईच्या वाड्यांत फिरलेल्यांनी पाहिले असेल. चर्च, चर्चला लागून शाळा, भोवती घरे, विहीर, केळीची बाग. मुलाला चर्चची घंटा घरात ऐकू येते आणि शाळेची घंटाही. फादर फ्रान्सिस दिब्रिटो तिथलेच. त्यांनी 'सुवार्ता' मासिक वर्षानुवर्षे संपादित केले आणि २०२० मध्ये ते मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. आपला धर्म, आपली भाषा आणि आजूबाजूचा समाज, तिन्ही सांभाळून माणूस किती मोठा होऊ शकतो याचा हा दाखला. मात्र शहर वाढत वसईत पोहोचले, जमिनी विकल्या गेल्या, इमारती उठल्या. वाडी विरली तर तिथल्या आईबापांनाही एक दिवस हाच हिशेब मांडावा लागेल.

आपल्या घरांतही हा हिशेब रोज चालतो. मोहल्ल्यात राहावे की नव्या वसाहतीत? उर्दू शाळा की मराठी की इंग्रजी? मशीद चालत जाण्याच्या अंतरावर हवी, पण मुलीला कॉलेजला जायला बसही हवी. पसंत पडलेले घर नावावरून नाकारले जाते तेव्हा निवडीचा हक्कही उरत नाही. त्या कॅथलिक कुटुंबांना निदान निवडीचे स्वातंत्र्य आहे, ही गोष्ट आम्हाला त्यांच्या गावांपेक्षाही मोलाची वाटली. आपल्याकडे २००९च्या शिक्षणहक्क कायद्याने सहा ते चौदा वयाच्या प्रत्येक मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क दिला. आमच्या मते, जोवर आपल्या कित्येक मुलींचे शिक्षण सातवी-आठवीला तुटते आहे तोवर आपली पहिली लढाई शाळेत पोहोचण्याची आणि टिकण्याची आहे. 'घरी शिकवतो' या शब्दांआड 'घरी बसवतो' लपता कामा नये.

आम्ही काय कळवले?

विद्यार्थिनीला आम्ही लिहिले: बेटा, घर बदलण्याआधी पाच गोष्टी कागदावर मांड. तिथला कायदा काय सांगतो? ज्या माणसामुळे ती जागा आवडली तो गेला तरी ती आवडेल का? नवरा घरी किती वाजता येईल? तुझी स्वतःची मैत्रीण तिथे कोण असेल? आणि मुलगा सतरा वर्षांचा झाला की तिथे काय करेल? आणि आधी एकदा शेजारणीकडे जाऊन ये. पुस्तकापेक्षा तीच खरे सांगेल.

ती जाऊन आली. फोनवर म्हणाली, "सर, चर्च चार मिनिटांवर आहे. लहान मुलं सारखी एकमेकांच्या घरात. ती खूश आहे, खरंच खूश आहे. पण नवरा आला तेव्हा रात्रीचे आठ वाजून गेले होते आणि धाकटा झोपला होता. मोठा पंधरा वर्षांचा आहे. तो मला हळूच म्हणाला की पुढच्या वर्षी शाळेत जायचंय. आईला अजून सांगितलं नाही."

"मग तुम्ही काय ठरवलं, बेटा?"

"आम्ही सध्या इथेच आहोत, सर. मुलगा शाळेत जातोय. संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर मी रोज एक तास त्याला घेऊन बसते. उर्दूचं पहिलं पुस्तक सुरू केलंय. तुम्ही आम्हाला शिकवलं होतं ना, तेच."

शेजाऱ्यांनी केले ते बरोबर की चूक, याचे उत्तर आमच्याकडे आजही नाही. ते त्यांच्या मुलांकडे आहे, आणि ती अजून लहान आहेत. गाव कुठलेही निवडले तरी संध्याकाळचा तो एक तास आईबापालाच द्यावा लागतो, एवढे मात्र आम्ही बावीस वर्षांच्या अनुभवावरून सांगू शकतो. वाचकांनी आपल्या घरात त्या तासाला काय चालते ते आज संध्याकाळीच पाहावे.